आठ बाय दहा

टेंभरशेत ग्रामपंचायतीच्या कचेरीत जयराम बसत नसे. कचेरीला लागून बसत असे. फरक एका उंबऱ्याचा होता. कचेरी म्हणजे मारुतीच्या देवळाच्या अंगाला कधीकाळी धर्मशाळा म्हणून बांधलेल्या दोन खोल्या. आतल्या खोलीत सरपंच, बाहेरच्या खोलीत ग्रामसेवक, ज्यांना गाव भाऊसाहेब म्हणे, आणि त्याच्याही बाहेर, ओट्यावर, एका स्टुलावर जयराम. जन्ममृत्यूच्या नोंदी, रहिवासी दाखले, घरांचे उतारे, नळाच्या तक्रारी, सगळं लिहायचा तो. सह्या आत व्हायच्या.

१९७८ साली, पंचविशी उलटल्यावर, तो मॅट्रिक होऊन रोजंदारीवर लागला, तेव्हा "तुझ्या बसायची सोय करू" असं कुणीतरी म्हणालं होतं. त्यानंतर चार सरपंच आणि नऊ ग्रामसेवक झाले. बौद्धवाड्यातल्या माणसाचं टेबल देवळाच्या भिंतीच्या आत का येत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. काही गोष्टींना ठराव लागत नाही.

टेंभरशेत शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. नव्वदच्या सुमारास गावाला वाढ लागली. डोंबिवली-ठाण्याच्या लोकांनी भाताची खाचरं घेऊन त्यांना इंग्रजी नावं दिली आणि शनिवार-रविवार तिथे येऊन ते शांतता ऐकू लागले. रस्त्यालगत गोदामं झाली, गोदामांमागे चाळी, चाळींपुढे दोन गॅरेजं आणि एक बिअर बार. कचेरी मात्र दोन खोल्यांचीच राहिली. ग्रामसभा देवळाच्या पटांगणात भरे, आणि सभेच्या मध्येच कुणी दर्शनाला आलं की घंटा वाजे. त्यामुळे टेंभरशेतच्या कित्येक ठरावांना दैवी अनुमोदन मिळालेलं आहे.

सरपंच होते काळूराम गोजर. त्यांची भाताची गिरणी होती, आवाजही गिरणीवरचाच होता. १९९९च्या दिवाळीनंतरच्या सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "आज ग्रामपंचायत, उद्या नगरपालिका! नगरपालिका काय देवलाच्या ओट्यावर भरवायची?" नवी इमारत बांधायचं ठरलं. घंटा वाजली.

शहापूरहून एक तरुण इंजिनियर जागा बघायला आला. त्याने विचारलं, "तुम्हाला इमारतीत काय काय हवं?"

"बाल्कनी," काळूराम म्हणाले. "झेंडावंदनाला वरून बोलता यायला पायजे."

इंजिनियरने ते लिहून घेतलं आणि पुढे विचारलं, "रोज माणसं किती येतात? कुठे थांबतात? कागद किती आहेत?" काळूरामांनी भाऊसाहेबांकडे बघितलं, भाऊसाहेबांनी दाराकडे. दाराबाहेर जयराम होता. इंजिनियरने त्याला आलेखाच्या कागदाचं एक पान दिलं. "एक चौकोन म्हणजे एक फूट. तुम्हाला सुचेल तसं काढून ठेवा."

त्या मुलाने हे कदाचित सहज म्हटलं असेल. जयरामने ते सरकारी आदेशासारखं घेतलं. महिनाभर त्याने पाठकोऱ्या कागदावर टिपणं ठेवली: कोण आलं, किती वाजता आलं, कुठे टेकलं, किती वेळ. बाजाराच्या दिवशी साठ-सत्तर माणसं येतात. पाड्यांवरची माणसं डोंगर उतरून नऊला येतात आणि भाऊसाहेब साडेअकराला. म्हणजे अडीच तास बसायची सोय हवी, ती सावलीत हवी, आणि जवळ प्यायचं पाणी हवं. दप्तराला वाळवी लागते, म्हणून फळ्या जमिनीपासून फूटभर वर. त्याच्याकडे टेप नव्हती, चप्पल होती. ती बरोबर दहा इंचांची होती. जुन्या खोल्या त्याने लोकांची वर्दळ नसताना चपलेला चप्पल लावून मोजल्या आणि कुठे काय अडतं ते पाहून नवी इमारत कागदावर उतरवली. खाली रुंद पडवी, सभागृह, दप्तरखाना. वर सरपंच, भाऊसाहेब, बाल्कनी. आणि पडवीला लागून, लोकांकडे खिडकी उघडणारी एक खोली. लांबी बारा चपला, म्हणजे दहा फूट. रुंदी साडेनऊ चपला आणि वर एक अंगठा, म्हणजे आठ फूट. आत त्याने बारीक अक्षरात लिहिलं: लिपिक.

काळूरामांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"ह्यो लिपिक कोन रे?"

"मी, आण्णा."

काळूराम मोठ्याने हसले. "तुला खोली आनि मला बाल्कनी! न्याव हाय. काड, काड." कागदावरची खोली द्यायला माणसाचं काही जात नाही, आणि काळूराम उदार माणूस होते.

घरी जयरामने कागद बायकोला, लक्ष्मीला, दाखवला. तिला नकाशा कळत नव्हता, पण प्रश्न विचारता येत होते.

"दार हाय का खोलीला?"

"हाय ना."

"आतून कडी?"

"कचेरीच्या खोलीला आतून कडी कशाला लागते?"

"कोन भायेर बस बोलला तं लावायला," लक्ष्मी म्हणाली आणि भाकरी उलटली.

जयरामने दाराच्या चौकोनात आतून एक टिंब काढलं.

इंजिनियरला नकाशा आवडला. मग त्याने अडचण सांगितली. इमारतीचे दोन नमुने असतात. गावाची लोकसंख्या पाच हजारांच्या आत असेल तर लहान नमुना: तीन खोल्या, पुढे अरुंद पडवी. पाच हजारांवर असेल तर मोठा: दुमजली. तुमचं सगळं मोठ्यातच बसतं. पण एक्क्याण्णवच्या जनगणनेत टेंभरशेत चार हजार तीनशे बारा आहे. "आता दोन हजार एकच्या फेब्रुवारीत नवी मोजणी आहे. तुम्ही सहज पाच हजार ओलांडाल. आणि जयरामभाऊ, कर्मचाऱ्यांचा आराखडाही त्याच आकड्यावर ठरतो. पाच हजार झाले की लिपिकाचं एक पद. जो काम करतोय त्यालाच त्यावर कायम करतात. आकडा येऊ द्या."

तेव्हापासून जयराम आकड्याची वाट बघू लागला. कुणाकडे बारसं असलं की त्याला मनापासून आनंद होई.

मोजणी शिक्षकांकडे होती. टेंभरशेतला आलेले गुरुजी नाशिककडचे, नवे. घरं दाखवायला त्यांच्याबरोबर जयरामला दिलं. त्याआधी शहापूरला प्रशिक्षण झालं, त्याला जयराम मागच्या बाकावर बसला होता. नियम सोपा होता. मोजणीचे पुरे वीस दिवस जो माणूस गावाबाहेर असेल, त्याला घरी लिहायचं नाही. तो जिथे असेल तिथे लिहिला जाईल. कुणी सुटता कामा नये, कुणी दोनदा येता कामा नये. जयरामला हा नियम फार पटला. एकाच म्हाताऱ्याचे दोन गावांतून दोन मृत्यूचे दाखले काढून दोन भाऊ बारा वर्षं कोर्टात भांडताना त्याने पाहिले होते. माणूस एकदाच लिहावा, असं त्याचं मत होतं.

काळूरामांचं मत निराळं होतं. निघायच्या दिवशी त्यांनी जयरामला गिरणीवर बोलावलं.

"पाड्यावर जाशील तव्हा घरां बघून लिव. मानसां बघू नको."

"गुरुजी लिवनार, आण्णा."

"गुरुजीला काय कलतंय? तू सांगशील तां लिवनार तो."

टेंभरशेतच्या हद्दीत डोंगराच्या अंगाने सात पाडे आहेत. खालच्या गावातली मोजणी इतर शिक्षकांच्या मदतीने आठ दिवसांत उरकली. नवव्या दिवशी दोघे वरच्या पाड्यावर चढले. चाळीस-पन्नास कुडाची घरं, प्रत्येकासमोर शेणाने सारवलेलं अंगण, झाडून लख्ख. गुरुजी खूश झाले. रिकामी खोपटी बघायला लागणार, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. एका अंगणात ऐसपैस बसून त्यांनी तक्ता उघडला. "चांगली नांदती घरं आहेत की! शेतावर गेली असतील माणसं. तुम्हाला माहीतच असतील सगळे. सांगा नावं."

जयरामला सगळे माहीत होते. या पाड्यावरच्या अर्ध्याअधिक माणसांच्या जन्माची नोंद त्यानेच केली होती. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत नावं, वयं, कोण कुणाची सून, सगळं तो डोळे मिटून सांगू शकला असता. गुरुजींचं पेन कागदावर टेकलेलं होतं.

तेवढ्यात घराच्या मागून पाड्यावरची म्हातारी भिमी आली. कमरेत वाकलेली, हातात खराटा.

"कोनाला धुंडताव?"

"आजी, या घरातली माणसं कुठायत?" गुरुजींनी विचारलं.

"भट्टीवर. सारा पाडा इटांच्या भट्टीवर गेला. दिवाली झाली नि गेली."

गुरुजींनी अंगणाकडे बघितलं. "मग हे सारवतं कोण?"

"मीच. मना चालवत नाय ना भट्टीवर, मंग मना ठेवतात." तिने खराट्याने सगळ्या अंगणांवरून हवेत एक फेर धरला. "रोज चार घरां झाडते, चार सारवते. घराला कलू देयाचा नसतो."

"काय कळू द्यायचं नसतं?"

"मानसां गेलीत तां. घराला कलला का घर बसतो. आडा मोडतो, वालवी चढते. सारवलेला असला का त्याला वाटतो, हायत आतमंदी." ती जयरामकडे वळली. "तुज्या कचेरीला बी कोन सारवतो का रे जयरामा?"

गुरुजींना हसू आलं. मग त्यांनी तक्त्याकडे पाहिलं, दूर डोंगराखाली पाहिलं, अजून सहा पाडे राहिले होते. ते वाईट माणूस नव्हते, दमलेले होते. "जयरामभाऊ, महिनाअखेर चार दिवस तरी येत असतील ना ही मंडळी? एक रात्र जरी घरी आली तरी नियमात बसतं. तुम्ही सांगाल तसं लिहितो."

एक "हो" पुरे होतं. "हो"ला ना सही लागत होती, ना शिक्का.

"नाय गुरुजी," जयराम म्हणाला. "आखातीपर्यंत येत नायत. तिकडं भट्टीवरच लिवतील त्यांना."

गुरुजींनी वरच्या पाड्यात लिहिलं: एक. स्त्री. वय अंदाजे सत्तर.

सातही पाड्यांवर तसंच झालं. प्रत्येक पाड्यावर एखादी म्हातारी, एखादा पांगळा, चार शेळ्या. उतरताना जयरामच्या पायांना गोळे आले होते, पण मन हलकं होतं. माणसं कुठेतरी लिहिली जातीलच, आणि खालचं गाव इतकं वाढलंय की पाच हजार त्यांच्याशिवायही भरतील, असा त्याचा हिशोब होता. खरा माणूस हिशोबात नेहमी थोडी आशा मिळवतो.

आखाती, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली आणि माणसं परतली. वरच्या पाड्याची सावळी लेकराच्या जन्माची नोंद करायला ओट्यावर आली, तेव्हा जयरामने मुद्दाम विचारलं, "भट्टीवर मोजायला आलता ना कोनी? लिवला ना तुमाला?"

"आलता येक मास्तर," सावळी म्हणाली. "शेट त्याला बोलला, हितं कोन नाय, निसत्या इटा हायत. आमाला मातीच्या खड्ड्यात बसवला दिसभर. बारकी पोरां कामाला हायत ना, ती दिसायला नको."

"सगल्यांना?"

"सगल्यांना. सावली बरी व्हती खड्ड्यात. तेवडाच येक दिस आराम भेटला."

त्या आठवड्यात जयरामने येईल त्या प्रत्येकाला विचारलं. सगळ्यांचं उत्तर तेच. फक्त भट्ट्या निराळ्या आणि खड्डे निराळे. त्याने जन्माची नोंदवही काढून अंदाज केला: सात पाडे मिळून हजाराच्या वर माणसं देशात कुठेच नव्हती. ती त्याच्यासमोर ओट्याच्या पायरीवर बसून विड्या ओढत होती. त्याने स्वतःच्या सहीने तहसीलला अर्ज केला. तीन महिन्यांनी उत्तर आलं की मोजणीची मुदत संपली असून आपल्या सूचनेची पुढील जनगणनेच्या वेळी योग्य ती नोंद घेतली जाईल. पुढील जनगणना दहा वर्षांनी होती.

टेंभरशेतचा आकडा आला: चार हजार आठशे अडुसष्ट.

काळूराम देवळासमोर आले तेव्हा पटांगणात बाजाराची गर्दी होती. त्यांनी आवाज खाली आणायचा प्रयत्न केला नाही.

"येकशेबत्तीस! येकशेबत्तीस मानसां कमी पडली! येकट्या वरच्या पाड्यात भरली असती, कोंबड्या मोजायची पन गरज नव्हती!"

जयराम स्टुलावरून उठला. "रूल व्हता, आण्णा."

"रूल!" काळूराम बाजाराकडे वळले. "ऐकलंत का? ह्याला रूल लागतो! अरे, तेवीस वरसं झाली, रूलनी तुला कदी आत बसवला का?"

लोक हसले. काही बौद्धवाड्यातलेही हसले, कारण वाक्य चांगलं होतं. जयरामलाही ते चांगलं वाटलं. पुढची कित्येक वर्षं ते त्याला शब्दशः आठवत राहिलं.

संध्याकाळी लक्ष्मीने आलेखाच्या कागदाची घडी आरशामागून काढली आणि त्याच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी ती त्याने इमारतीच्या फायलीत लावून टाकली, क्रमांक घालून. कागद फाडणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

लहान नमुन्याची इमारत २००३ साली उभी राहिली. सरपंच एक, भाऊसाहेब एक, सभेची एक. तीन खोल्या आणि तीन फुटांची पडवी. दप्तर भाऊसाहेबांच्या खोलीत जमिनीवर रचलं आणि पहिल्याच वर्षी त्याला वाळवी लागली. बैलगाडीतून सामान आणलं तेव्हा स्टूलही आलं. ते कुणीतरी सवयीने पडवीत, दाराच्या डाव्या हाताला ठेवलं. आता उंबरा देवाचा नव्हता, ग्रामपंचायतीचा होता. तरी स्टूल बाहेरच राहिलं. एवढी वर्षं देवावर घेतलेला आळ त्यामुळे दूर झाला.

भिमी २००६च्या चैत्रात गेली. पाडा भट्टीवर होता, त्यामुळे तिसऱ्या दिवशी कळलं. मृत्यूची नोंद जयरामने केली. पुढच्या साली तो वरच्या पाड्यावर गेला तेव्हा अंगणांत गुडघाभर गवत वाळलं होतं आणि दोन घरांचे आडे मोडून छपरं खाली आली होती. घरांना कळलं होतं.

गाव वाढतच गेलं. तीन फुटांच्या पडवीत माणसं एकमेकांच्या पायावर उभी राहू लागली. २००७मध्ये सरपंचपद बाईसाठी राखीव झालं आणि काळूरामांची सून नम्रता सरपंच झाली. काळूराम शेजारच्या खुर्चीत बसू लागले, कारण तिला वाचायचं असे आणि त्यांना बोलायचं. इमारत वाढवायची, मोठा नमुना करायचा, असं पुन्हा ठरलं. नवी जनगणना अजून लांब होती, म्हणून या वेळी अंदाजित लोकसंख्या धरली. भाऊसाहेबांनी खुर्चीत बसून, रेशनकार्डं आणि मतदारयादी समोर घेऊन, भाद्रपदात एका दुपारी अंदाज केला: सात हजार चारशे. पाड्यावर कुणी चढलं नाही, कोण कुठे आहे हे कुणी विचारलं नाही. जयरामने मनात ताडून पाहिलं. आकडा जवळजवळ बरोबर होता. मोजणी करून जी माणसं हरवली होती, ती न मोजता सापडली.

लिपिकाचं पदही मंजूर झालं. पण ते आता नवीन पद होतं, त्याची रीतसर भरती होती, आणि भरतीला वयाची अट होती. जयराम छप्पन्नचा होता. ते पद काळूरामांच्या बहिणीच्या मुलाला, ओमकारला मिळालं. पोरगा वाईट नव्हता. कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, नमस्कार वाकून करायचा.

"जयरामकाका," नम्रता म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटत होतं, "तुमी हायत तोवर त्याला सांभालून घ्या. त्याला कायच म्हायती नाय गावातली."

जयरामने त्याला सगळं दाखवलं. कुठली वही कुठे, कुठल्या पाड्याला किती घरं, कुणाचं नाव वहीत एक आणि लोकांच्या तोंडी दुसरं.

२००९च्या मार्गशीर्षात वाढीव इमारतीचं उद्घाटन झालं. काळूराम काठी टेकत बाल्कनीत गेले आणि वरून बोलले. आवाज आता गिरणीचा राहिला नव्हता, तरी लोकांनी मान वर करून ऐकलं. फायलीत सापडलेल्या जुन्या आलेखाच्या कागदाप्रमाणेच नव्या इंजिनियरने काम केलं होतं. पुन्हा नकाशा काढायचा त्याचा त्रास वाचला होता. खाली रुंद पडवी झाली होती, सावलीत. पाण्याचा माठ होता. फळ्या जमिनीपासून फूटभर वर होत्या.

पेढे वाटून झाल्यावर जयराम पडवीला लागलेल्या खोलीत गेला. ओमकार कॉम्प्युटरच्या वायरी जोडत टेबलाखाली वाकला होता. जयरामने चपला काढून हातात घेतल्या आणि भिंतीच्या कडेने एकापुढे एक ठेवत गेला. बारा. मग दुसऱ्या भिंतीला. साडेनऊ, आणि वर अंगठा. त्याने पुन्हा मोजलं. कुठेतरी इंचभर तरी चुकलं असावं, असं त्याला फार वाटत होतं. चुकलं नव्हतं.

"काय मोजताय, काका?" ओमकारने टेबलाखालून डोकं काढलं.

"काय नाय. बराबर हाय."

"काका, जाताना तेवढं दार ओढून घ्या ना. लोक सारखे आतच येतात."

जयरामने चपला घातल्या, बाहेर आला आणि दार ओढून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.